अर्जदार क्रमांक दोन

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी दुसऱ्यांचे मूलभूत हक्क टाइप करते.
पानाला पंधरा रुपये.
आज हेमांगी मसाले प्रायव्हेट लिमिटेड.
कुपवाड रोडवरचा त्यांचा चाळीस फुटी फलक
महापालिकेनं उतरवला:
'आमच्या हळदीपुढं टिकेल असं दुखणं दाखवा.'
कंपनी म्हणते, हा आमचा गळा दाबला.

मगदूम वकील सुपारी एका गालात सारतात,
लिही, कलम एकोणीस, एक, ए.
मग थांबतात.
तिथं शब्द आहे नागरिक.
कंपनीला जन्मतारीख आहे, पॅन नंबर आहे,
ती जमीन घेते, दावा लावते, दंड भरते,
तिचं दिवाळंसुद्धा रीतसर निघतं.
पण बोटाला शाई नाही तिच्या. पासपोर्ट नाही.
जाहिरात म्हणजेही बोलणंच, हे कोर्टानं कधीच मानलंय.
अडतं ते एवढ्यावर, की बोलतंय कोण.
"एक भागधारक लागेल," वकील म्हणतात,
"जिताजागता."

तसे बाबालाल मुजावर जिना चढून आले,
दर तिसऱ्या पायरीला खोकत.
मूळ हरिपूरचे. पेवात उतरून हळद काढणारे.
महापुरात पेवं गेली, मग हेमांगीची गिरणी.
एका दिवाळीला बोनसऐवजी दहा शेअर मिळाले,
तो कागद अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत,
रेशनकार्डाला चिकटलेला.
गिरणी सोडून चार वर्षं झाली,
नखं अजून लग्नातल्यासारखी पिवळी.

"मला काय बोलायचंय ह्यात?"
"काही नाही. इथं सही."
"वाचून तरी दाव, पोरी."

मी वाचलं. परिच्छेद सात.
अर्जदार क्रमांक दोन हे भारताचे नागरिक असून
कंपनीच्या वाणीतूनच त्यांची वाणी व्यक्त होते.
सबब सदर फलक उतरवल्याने
त्यांच्या अभिव्यक्तीचा संकोच झाला आहे.

ते हसले. हसण्याचा खोकला झाला.
मी माठातलं पाणी दिलं.
"एकदाच बोललो हुतो गिरणीत," ते म्हणाले,
"दळायच्या खोलीत पंखा बसवा, धूळ भाईर टाकणारा.
सायेब म्हणले, बाबालाल, तोंड सांभाळून.
ते बी घाल की ह्यात."

"त्याचा इथं संबंध नाही," मगदूम म्हणाले,
आणि ते रागावून म्हणाले नाहीत.
"हा हक्क सरकारपुढं मागायचा असतो, चाचा.
मालकापुढं नाही."

बाबालाल खिडकीतून रिक्षा बघत राहिले.
"पेवाच्या तोंडाशी वाकून हाक मारली न्हवं,
तर आवाज केवढा हुतो!
वाटतं, जमीनच बोलाया लागली.
खरं उतरायच्या आदी कंदील सोडायचा आत, दोरीनं.
विझला, तर थांबायचं.
खाली माणसाला हवा न्हाई."

मग सही केली,
नावातला एकेक काना मोजल्यासारखी.
जाताना विचारलं, निकाल लागल्यावर
फलक पुन्हा लागंल का?
लागेल, वकील म्हणाले.
"त्यावर माझं नाव असंल?"
कोणी उत्तर दिलं नाही. त्यांनाही नको असावं.

परिच्छेद आठमध्ये मी पंखा टाइप केला.
तीन ओळी.
मगदूमांचा चष्मा वर आला आणि मी त्या पुसल्या.
आकडा पुसायचा राहिला.
कोल्हापूरला दाखल झालेल्या प्रतीत
सातनंतर आठ आहे, आठपुढं कोरं,
मग नऊ: सबब नम्र विनंती की.
पुढची तारीख दिवाळीनंतरची.
कोणाच्या लक्षात आलेलं नाही,
आणि त्या पानाचेही
मला पंधरा रुपये मिळाले.